मूल राहत नसेल तर तपासणी कोणत्या क्रमाने करावी: विदर्भातील खेड्यांतील जोडप्यांसाठी

मूल राहत नाही म्हणून दोन-तीन वर्षे दवाखाने पालथे घालणाऱ्या बाईच्या पिशवीत सोनोग्राफीचे पाच-सहा कागद, रक्ताचे अहवाल, कधी ‘पिशवी साफ केल्याची’ चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे असतात. त्या सगळ्या कागदांवर तिच्या नवऱ्याचे नाव असते, पण त्याच्या स्वतःच्या तपासणीचा एकही कागद त्यात सापडत नाही. सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा अंशतः वाटा असतो, आणि तरीही जी तपासणी सर्वांत स्वस्त, वेदनारहित आणि एका दिवसात होणारी आहे ती वीर्यतपासणी शेवटी ढकलली जाते. दुसरी नेहमीची चूक तारखांची असते. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत द्यायचे रक्त नवव्या दिवशी दिले जाते, आणि मग त्या अहवालावरून कोणालाच काही नीट ठरवता येत नाही. धारणीहून अमरावतीला किंवा सिरोंच्याहून गडचिरोलीला जाऊन येण्यात ज्यांची मजुरी बुडते, त्यांना चुकीच्या दिवशी केलेली फेरी परवडणारी नसते. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने पार पाडावेत.

टप्पा १: तपासणीची वेळ खरोखर आली आहे का, हे ठरवणे

कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरता, नवरा-बायको एकत्र राहत असताना आणि आठवड्यातून साधारण दोन-तीन वेळा संबंध येत असताना १२ महिन्यांत गर्भ राहिला नाही, तर तपासणी सुरू करावी. स्त्रीचे वय ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर ६ महिनेच थांबावे, कारण या वयानंतर बीजांची संख्या आणि प्रत वेगाने घटत जाते.

यातील ‘एकत्र राहत असताना’ या अटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. नवरा वीटभट्टीवर, पुण्याच्या बांधकामावर किंवा सुरतच्या गिरणीत असेल आणि दिवाळी-होळीला पंधरा-पंधरा दिवस गावी येत असेल, तर लग्नाला तीन वर्षे झाली असली तरी प्रत्यक्ष प्रयत्नांचा काळ दोन-तीन महिन्यांचाच भरतो. अशा जोडप्याला आधी औषधाची गरज नसते, योग्य दिवसांत एकत्र राहण्याची असते. सासरच्यांनी लग्नाच्या तारखेपासून मोजलेला काळ डॉक्टरांना सांगू नये, खरा काळ सांगावा.

पुढीलपैकी काहीही असेल तर मात्र वर्षभर थांबू नये आणि लगेच डॉक्टरांना भेटावे: पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने न येणे, पाळीत असह्य दुखणे, पूर्वी क्षयरोग झालेला असणे, ओटीपोटाचे ऑपरेशन किंवा नळीतील गर्भ (पिशवीऐवजी बीजनळीत रुजलेला) राहून गेलेला असणे, पुरुषाला वयात आल्यावर गालफुगी होऊन अंडकोष सुजलेले असणे, त्याच्या अंडकोषाचे किंवा हर्नियाचे ऑपरेशन झालेले असणे. गर्भ राहतो पण दोन किंवा अधिक वेळा पडतो, अशा जोडप्याच्या तपासण्या वेगळ्या असतात. त्यांनी हा क्रम न पाळता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

टप्पा २: तीन महिन्यांची नोंद

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवसाभोवती गोल करावा. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. आदल्या दिवशीचा नुसता डाग धरू नये, आणि पाळी संपल्याचा किंवा न्हाण्याचा दिवसही धरू नये. अनेक बायका न्हाल्यापासून दिवस मोजतात, त्यामुळे पुढचा सगळा हिशेब चार-पाच दिवसांनी चुकतो. एका गोलापासून पुढच्या गोलाच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस मोजले की चक्राची लांबी कळते. २४ ते ३८ दिवसांपर्यंतचे चक्र सर्वसाधारण समजले जाते.

बीज साधारणपणे पुढची पाळी येण्याच्या १४ दिवस आधी बाहेर पडते. म्हणून ज्या बाईचे चक्र ३२ दिवसांचे आहे तिचे बीज अठराव्या दिवसाच्या आसपास सुटते, चौदाव्या दिवशी सुटत नाही. बीज १२ ते २४ तासच टिकते, पण शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे गर्भ राहण्याचे दिवस म्हणजे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस. ३२ दिवसांच्या चक्रात तेराव्या ते अठराव्या दिवसांपर्यंत एक दिवसाआड संबंध आले तर पुरेसे आहे. याच सुमारास अंगावरून जाणारे पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे पारदर्शक आणि ताणले जाणारे होते. ही खूण निरोगी आहे, त्यावर औषध घेऊ नये. खाज, दुर्गंधी, दह्यासारखा किंवा हिरवट स्राव असेल तर मात्र दाखवावे.

संबंधानंतर थोडे वीर्य बाहेर येणे स्वाभाविक आहे. तेवढ्याने गर्भ राहणे थांबत नाही, आणि पाय वर करून तासभर पडून राहण्याची गरज नसते. तेल, थुंकी किंवा बाजारातील बहुतेक वंगणे शुक्राणूंची हालचाल मंदावतात, त्यामुळे या दिवसांत ती टाळावीत.

नोंद चालू असतानाच दोन गोष्टी सुरू कराव्यात. स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे, कारण बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, बहुधा दिवस गेल्याचे कळण्याआधीच. सिकलसेलग्रस्त (रक्तातील लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या) स्त्रीला किंवा आधीच्या बाळात कण्याचा दोष असलेल्या स्त्रीला मोठा डोस लागतो, तो डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. पुरुषाने खर्रा, बिडी आणि दारू सोडावी. खर्ऱ्यातील तंबाखूने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल या दोन्हींवर परिणाम होतो, आणि ‘मी बिडी ओढत नाही, फक्त खर्रा खातो’ हे उत्तर इथे उपयोगाचे नाही. जिममध्ये अंग कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांनी हे जाणून घ्यावे की त्या इंजेक्शनांनी शुक्राणू तयार होणे जवळजवळ थांबू शकते. कपाशीवर फवारणी करणाऱ्याने हातमोजे, मास्क आणि पूर्ण कपडे घालावेत, आणि घरी आल्याबरोबर आंघोळ करून ते कपडे वेगळे धुवावेत.

*इशारा:* थायरॉइड, फिट, रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या ‘मूल हवे आहे’ म्हणून स्वतःहून बंद करू नयेत. त्यांपैकी काही बदलाव्या लागतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा असतो. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या स्त्रीने किंवा पुरुषाने प्रयत्न सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे.

टप्पा ३: पहिली भेट, दोघांची, एकाच दिवशी

पहिल्या भेटीला नवरा-बायको दोघांनी जावे. सोबत सासूबाई किंवा जाऊबाई आल्याच तर त्यांना बाहेर बसायला सांगावे, आणि डॉक्टरांनाही तशी विनंती करता येते. याचे कारण साधे आहे. संबंध नीट होतो का, दुखते का, ताठरता टिकते का, वीर्य आत जाते का, हे प्रश्न सासूसमोर कोणीही खरे सांगत नाही. लग्नाला दोन वर्षे होऊनही पूर्ण संबंध झालेलाच नाही, अशी जोडपी असतात. भीतीमुळे योनीचे स्नायू आवळले जातात, दुखते, मग दोघेही तो विषय टाळतात. अशा जोडप्याला बीज वाढवण्याच्या गोळ्या देऊन काहीही साधत नाही. समुपदेशनाने आणि योग्य सरावाने ही अडचण बहुतेकदा सुटते, पण त्यासाठी ती बोलून दाखवावी लागते.

सुरुवात गावच्या आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय यांच्यापासून करावी. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ ‘ब’, गुप्तरोगाची तपासणी एवढे बहुतेक जवळच होते. पुढच्या तपासण्यांसाठी जिल्हा रुग्णालय, अमरावतीचे डफरीन, नागपूरचे डागा, मेडिकल किंवा मेयो, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय यांपैकी जे सोयीचे असेल ते निवडावे. एकदा निवडले की किमान सहा महिने तेथेच राहावे. दर महिन्याला डॉक्टर बदलल्याने प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात होते, आणि त्याच तपासण्यांचा खर्च पुन्हा होतो.

सोबत न्यायची फाइल अशी लावावी: सर्वांत वर तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा, त्याखाली पत्नीचे अहवाल, त्याखाली पतीचे, आणि शेवटी आतापर्यंत घेतलेल्या सर्व औषधांची नावे. चिठ्ठी हरवली असेल तर रिकामे पाकीट न्यावे. जडीबुटी किंवा बाबाने दिलेली पुडी घेतली असेल तर तीही सांगावी, लाजू नये.

टप्पा ४: पतीची वीर्यतपासणी, सर्वांत आधी

पत्नीच्या नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी किंवा कोणतेही औषध सुरू होण्याआधी हा अहवाल हातात असला पाहिजे. डॉक्टरांनी सुचवले नाही तर आपण मागावा. पुरुषत्व आणि शुक्राणूंची संख्या यांचा एकमेकांशी संबंध नाही. संबंध उत्तम असलेल्या, वीर्य भरपूर येणाऱ्या पुरुषातही शुक्राणू शून्य असू शकतात, आणि डोळ्यांनी ते कळत नाही.

नमुना देताना पुढील क्रम पाळावा.

१. नमुन्याआधी कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्यपतन होऊ देऊ नये. पंधरा दिवस साठवल्याने अहवाल चांगला येत नाही, उलट मृत शुक्राणूंचे प्रमाण वाढते.

२. नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. नमुना ३० मिनिटांत, फार तर एका तासात तपासायला घेतला गेला पाहिजे. खेड्यातून एसटीने आणलेला नमुना निरुपयोगी असतो. उन्हाळ्यात तो मोटारसायकलच्या डिकीत ठेवला तर उष्णतेनेच खराब होतो. प्रयोगशाळेत वेगळी खोली आहे का, हे आधी फोन करून विचारावे. संडासात नमुना द्यायला सांगत असतील तर दुसरी प्रयोगशाळा पाहावी.

३. हात आणि लिंग साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावे. नमुना हस्तमैथुनाने, प्रयोगशाळेने दिलेल्या डबीतच घ्यावा. तेल, साबण, थुंकी वापरू नये. साधा निरोध वापरू नये, त्यातील वंगणाने शुक्राणू मरतात.

४. पहिले थेंब सांडले तर ते लपवू नये. सर्वाधिक शुक्राणू पहिल्या भागातच असतात, त्यामुळे ते सांडले की संख्या खोटी कमी दिसते. तसे सांगावे आणि पुन्हा यावे.

५. डबीवर नाव, किती दिवसांचा खंड होता आणि नमुना दिल्याची नेमकी वेळ लिहिली आहे ना, हे स्वतः पाहावे.

अहवाल वाचताना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादा उपयोगी पडतात: वीर्य १.४ मिलीलिटर, प्रति मिलीलिटर १.६ कोटी शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. ‘फक्त ४ टक्के चांगले’ हे वाचून अनेक पुरुष हादरतात, पण ती मर्यादाच तेवढी आहे. या आकड्यांच्या थोडे खाली असणे म्हणजे मूल होणार नाही असे नव्हे.

*तपासून पाहा:* नमुन्याच्या आधीच्या तीन महिन्यांत मोठा ताप, मलेरिया, डेंग्यू किंवा फवारणीची बाधा झाली होती का? शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे त्या आजाराचा परिणाम आताच्या अहवालात दिसतो. अहवाल कमी आला तर एका अहवालावरून निष्कर्ष काढू नये, साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करावा. शुक्राणू शून्य आले तर मात्र थांबू नये. मूत्ररोगतज्ज्ञ किंवा पुरुष वंध्यत्वाच्या तज्ज्ञांना दाखवावे, आणि ‘पावडर खा, वाढतील’ या सल्ल्यावर महिने घालवू नयेत.

टप्पा ५: दोघांची सिकलसेल तपासणी

विदर्भात हा टप्पा वगळता येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट या भागांत सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत, आणि हा आजार फक्त आदिवासींमध्ये असतो हा समज चुकीचा आहे. वाहकात या आजाराचा एकच जनुक असतो आणि त्याला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी होण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही.

आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आहे. ती सकारात्मक आली तरी माणूस वाहक आहे की ग्रस्त, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करून घ्यावी. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर ते आधी सांगावे, कारण दुसऱ्याच्या रक्तामुळे निकाल बिघडतो. दोघेही वाहक निघाले तर वेगळे होण्याचा सल्ला देणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. गर्भ राहिल्यावर सुरुवातीच्या तीन महिन्यांतच वारेच्या पेशी घेऊन बाळाची तपासणी मोठ्या केंद्रांत करता येते. म्हणून पाळी चुकताच डॉक्टरांना गाठायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

टप्पा ६: पत्नीच्या तपासण्या, पाळीच्या दिवसांप्रमाणे

एफएसएच, एलएच आणि इस्ट्रॅडिओल या संप्रेरकांसाठीचे रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत द्यावे. पाळी चालू असताना दवाखान्यात कसे जायचे, असा संकोच वाटतो, पण ही तपासणी त्याच दिवसांसाठी आहे. थायरॉइड आणि एएमएच (किती बीजे शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी चाचणी) कोणत्याही दिवशी चालतात. प्रोलॅक्टिन या संप्रेरकासाठीचे रक्त सकाळी, उठल्यावर थोडा वेळ शांत बसून द्यावे, कारण ताणाने आणि धावपळीने ते वाढते. पहाटेच्या गाडीत उभे राहून प्रवास करून लगेच दिलेल्या रक्तात ते थोडे वाढलेले आले तर औषध घेण्यापूर्वी पुन्हा तपासावे.

बीज सुटले की नाही हे पाहणारी प्रोजेस्टेरॉनची चाचणी ‘एकविसाव्या दिवशी’ करायला सांगितली जाते. तो दिवस २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. खरा नियम असा आहे की रक्त पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी द्यावे, म्हणजे ३२ दिवसांच्या चक्रात पंचविसाव्या दिवशी. एकविसाव्या दिवशी रक्त दिल्यामुळे ‘बीज फुटत नाही’ असा शिक्का बसलेल्या कितीतरी बायका बरोबर दिवशी तपासल्यावर ठीक निघतात. टप्पा २ मधील कॅलेंडर इथे कामी येते.

योनीमार्गातून होणाऱ्या सोनोग्राफीला लघवी करून जावे, पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीला भरलेल्या लघवीने जावे. कोणती आहे ते आधी विचारावे. तपासणीच्या वेळी एक बाई सोबत हवी असे सांगण्याचा पूर्ण हक्क आहे.

*इशारा:* ‘पिशवीला सूज आहे’ म्हणून लगेच क्युरेटिंग (पिशवी साफ करणे) करून घेऊ नये. पिशवी साफ केल्याने गर्भ राहतो हा समज घट्ट बसला आहे, पण विनाकारण आणि वारंवार केल्यास आतले अस्तर चिकटण्याचा धोका असतो. क्षयरोगाच्या तपासणीसाठी अस्तराचा तुकडा घ्यायचा असेल तर ते योग्य कारण आहे. मात्र तो तुकडा प्रयोगशाळेत पाठवला का, हे विचारावे आणि अहवाल फाइलला लावावा.

जननेंद्रियांचा क्षयरोग हे आपल्याकडे नळ्या बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. खोकला नसतानाही तो असू शकतो. केवळ एका पीसीआर (जंतूचा अंश शोधणाऱ्या चाचणीच्या) अहवालावरून उपचार सुरू होत असतील तर दुसरा कोणता पुरावा आहे, हे विचारून घ्यावे. निदान पक्के झाले तर औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि ती मध्ये सोडू नयेत.

टप्पा ७: नळ्यांचा एक्स-रे

वीर्याचा अहवाल आणि बीज सुटल्याची खात्री हाती आल्यावरच हा टप्पा येतो. पाळीचा रक्तस्राव थांबल्यानंतर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसांत तो करतात. पाळी सुरू झाल्यापासून एक्स-रे होईपर्यंत संबंध ठेवू नये, कारण गर्भ राहिलेला असताना हा एक्स-रे होता कामा नये. पाळी नेहमीपेक्षा कमी आली किंवा नुसते डागच आले असतील तर आधी लघवीची गर्भतपासणी करावी. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट असते.

औषधाची किंवा आयोडीनची अॅलर्जी असेल, ताप किंवा घाण वासाचा स्राव असेल, तर आधी सांगावे. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी घ्यावी. नळ्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून पिशवीत औषध सोडतात, त्या वेळी काही मिनिटे पाळीसारखी कळ येते. त्या दिवशी एकटीने एसटीने परत जाऊ नये. दिवसभर थोडे डाग जाणे चालते. ताप, वाढते दुखणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

‘नळी बंद’ हा शब्द ऐकून खचू नये. पिशवीजवळ बंद दिसलेली नळी कधीकधी कळ येऊन आवळल्यामुळेही तशी दिसते, म्हणून ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाला फिल्म दाखवावी. त्यासाठी नुसता कागद पुरत नाही, मूळ फिल्म मागून घ्यावी.

टप्पा ८: औषधे आणि पुढचे केंद्र

बीज वाढवणाऱ्या गोळ्या पाळीच्या ठरावीक दिवसांतच घ्यायच्या असतात, आणि किमान पहिल्या चक्रात सोनोग्राफीने बीजाची वाढ पाहिली पाहिजे. औषध दुकानातून जुन्या चिठ्ठीवर सहा-सहा महिने त्याच गोळ्या आणणे थांबवावे. गोळ्या चालू असताना पोट फुगणे, उलट्या, श्वास लागणे असे झाले तर लगेच दाखवावे. पाळी चुकून पोटात एका बाजूला तीव्र दुखत असेल, चक्कर येत असेल तर नळीतील गर्भ असू शकतो. अशा वेळी रात्र घरी काढू नये, १०८ ला फोन करावा.

आययूआय (तयार केलेले वीर्य थेट पिशवीत सोडणे) किंवा टेस्ट ट्यूब बेबीसाठी पाठवले तर ते केंद्र २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदलेले आहे का ते पाहावे. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असते. या कायद्यानुसार स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. शेत गहाण टाकण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: औषधांसह एका चक्राचा पूर्ण खर्च, पत्नीच्या वयाच्या बायकांमध्ये त्या केंद्रात बाळ घरी नेण्याचे प्रमाण, आणि चक्र मध्येच थांबवावे लागले तर किती पैसे परत मिळतील. ‘गर्भ राहण्याचे प्रमाण’ आणि ‘बाळ होण्याचे प्रमाण’ हे दोन आकडे वेगळे असतात. केंद्राने पहिलाच सांगितला तर दुसरा विचारावा. ‘मुलगाच होईल’ असे कोणी सांगितले तर तेथून उठावे. लिंगनिवड १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि असे आश्वासन देणाऱ्याकडे उपचारही घेऊ नयेत.